लाखापुढे गेलेली ऑटोमॅटिक गाडी: गिअरबॉक्स फ्लश करायचा का, आणि ऑइल बदलूनही झटके परत का येतात

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. ऑटोमॅटिक गाडी, बऱ्याचदा दुसऱ्या मालकाकडे आलेली, रनिंग सव्वा-दीड लाख. सकाळी इंजिन थंड असताना रिव्हर्स पडायला वेळ लागतो. पन्नास-साठच्या वेगाला हलका ॲक्सिलरेटर दिला की गाडी थरथरते. दुसऱ्याचा तिसरा पडताना इंजिनचे आरपीएम उगाच चढतात आणि मग झटका बसतो. गॅरेजमध्ये फ्लश, म्हणजे मशीनने सगळं जुनं ऑइल एकदम काढून नवं भरणं, सुचवतात आणि सांगतात, "फ्लश मारून घ्या, एकदम नवी होईल." ओळखीतला कुणी अनुभवी माणूस सांगतो, "एवढ्या रनिंगला हात लावू नका, जुनं ऑइल काढलं की गिअरबॉक्स बसतो." मालक दोन्ही ऐकून गोंधळतो. जे फ्लश करतात त्यांना महिनाभर बरं वाटतं आणि मग तेच झटके परत येतात. जे घाबरून काहीच करत नाहीत, त्यांचा बॉक्स हळूहळू जळतो.

माझं मत आधीच सांगतो. गिअर व्यवस्थित पडत असतील तर रनिंग कितीही असो, ऑइल बदला. मात्र मशीनच्या दाबाने फ्लश करू नका, थोडं थोडं काढून टप्प्याटप्प्याने बदला. गिअर घसरत असतील तर ऑइलला हात लावण्याआधी निदान करून घ्या. आणि ऑइल बदलल्यानंतर त्रास परत आला असेल, तर तिसऱ्यांदा ऑइल विकत घेण्याआधी त्याची पातळी, त्याचा प्रकार आणि गिअरबॉक्सच्या बाहेरची कारणं तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आधी बॉक्स कोणता ते ओळखा

आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात, आणि निम्मा घोळ इथेच होतो.

मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आणलेली एएमटी आणि तिच्यासारख्या बाकीच्या गाड्या म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. आत साधं गिअर ऑइल असतं, क्लच कोरडा असतो. तिथे ट्रान्समिशन फ्लश हा प्रकारच लागू होत नाही. एएमटी झटके मारत असेल तर क्लचची झीज, ॲक्च्युएटर (क्लच-गिअर हलवणारं यंत्र) आणि क्लचचं कॅलिब्रेशन बघायचं.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक बॉक्समध्ये दोन वेगळे प्रकार आहेत. सात-स्पीड डीक्यू२०० मध्ये क्लच कोरडे असतात, त्यामुळे क्लचची थरथर ऑइल बदलून जात नाही. सहा-स्पीड डीक्यू२५० मध्ये क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात. तिथे दर ६०,००० किलोमीटरला फिल्टरसकट ऑइल बदलणं हे ठरलेलं काम आहे आणि ते टाळणं महागात पडतं.

सीव्हीटी, म्हणजे २०१४ नंतरची पेट्रोल सिटी, बलेनोची सीव्हीटी वगैरे, पोलादी पट्टा आणि दोन पुलींवर चालते. पट्टा पुलीला घट्ट धरून राहतो तो त्या विशिष्ट सीव्हीटी ऑइलच्या जोरावर. त्यात साधं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओतलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि ते परत सुधारत नाहीत. सीव्हीटीत फ्लशिंग केमिकल कधीही घालू देऊ नका.

उरला टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग असलेला) खरा ऑटोमॅटिक: इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, क्रेटाची सहा-स्पीड, २००८ ते २०१३ च्या काळातली पाच-स्पीड सिटी. फ्लशचा वाद मुख्यतः याच बॉक्सचा आहे, म्हणून पुढचं सगळं याच्याबद्दल लिहितो.

जुन्या ऑइलचं नेमकं काय होतं

इंजिन ऑइल वंगणाचं काम करतं. एटीएफला एकाच वेळी चार कामं असतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेच पुढे नेतं. व्हॉल्व्ह बॉडीतून (ऑइलचा दाब योग्य वाटेने वळवणाऱ्या भागातून) दाब पोहोचवून क्लच तेच दाबतं. आतली उष्णता तेच कूलरपर्यंत वाहून नेतं. आणि क्लच प्लेट एकमेकींना किती अलगद आणि किती घट्ट धरतील, हेही त्याच्यातल्या घर्षण सांभाळणाऱ्या रसायनांवर ठरतं. या शेवटच्या कामाला किती महत्त्व आहे पाहा: अमेरिकेत त्यासाठी कित्येक वर्षं स्पर्म व्हेलचं तेल वापरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आल्यावर ऑइलच्या कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली.

हीच रसायनं आधी संपतात. ती संपली की क्लच अलगद धरायच्या ऐवजी धर-सोड, धर-सोड करतो. पन्नास-साठच्या वेगाला येणारी ती थरथर म्हणजे बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) असा धर-सोड करत असतो. या एका लक्षणावर योग्य नवं ऑइल खरोखर गुण देतं.

ऑइलचा मुख्य शत्रू उष्णता. ८०-९० अंश सेल्सिअसला ते आरामात चालतं. त्यापुढे तापमान दहा-बारा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. उष्णता सगळ्यात जास्त तयार होते ती कन्व्हर्टर लॉक नसताना, म्हणजे कमी वेगात भार ओढताना. लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात तासभर सरकणारी भरलेली गाडी, नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभी राहणारी गाडी, कसाऱ्याचा चढ ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्यात चढणारी गाडी: यांचं ८०,००० चं रनिंग हायवेवरच्या दीड लाखापेक्षा जड असतं. म्हणून नुसता ओडोमीटर बघून निर्णय घेऊ नका.

"लाइफटाइम ऑइल, बदलायचं नाही" असं काही माहितीपुस्तिकांत असतं. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे: वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की ऑइल बदला. बॉक्स ज्यांनी बनवला त्यांचं मी ऐकतो.

"नवं ऑइल टाकलं की बॉक्स बसतो" यात किती तथ्य

ही भीती पूर्ण खोटी नाही, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. तिच्यामागे तीन खऱ्या गोष्टी आहेत.

पहिली अशी की बरेच लोक गिअर घसरायला लागल्यावरच ऑइलकडे बघतात. तोवर क्लच प्लेटचं अस्तर झिजून गेलेलं असतं. पुढच्या महिन्यात बॉक्स बसणारच होता. मधल्या काळात ऑइल बदललं, म्हणून दोष ऑइलवर आला.

दुसरी जरा बारकाईची. घर्षण सांभाळणारी रसायनं संपलेलं जुनं ऑइल क्लचला दणका देऊन धरायला लावतं. झिजलेला क्लच त्या दणक्यावर कसाबसा तग धरून असतो. नवं ऑइल त्याला अलगद धरायला सांगतं, आणि तेवढी ताकद त्याच्यात उरलेली नसते. मग तो उघडपणे घसरतो. म्हणजे जुन्या ऑइलने आजार झाकून ठेवला होता. "जुन्या ऑइलमधली क्लचची भुकटी पकड देते" असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. ती भुकटी सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारीक जाळ्या तुंबवते आणि व्हॉल्व्ह अडकवते, पकडीला तिचा काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट मशीनची. बाहेरच्या पंपाने दाब देऊन, वर सफाईचं केमिकल घालून केलेला फ्लश पॅनच्या (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तसराळ्याच्या) तळाशी आणि कोपऱ्यांत वर्षानुवर्षं बसलेला गाळ हलवतो. व्हॉल्व्ह बॉडीतल्या वाटा अतिशय अरुंद असतात. त्यांत तो गाळ गेला की एखादा व्हॉल्व्ह अर्धवट अडकतो आणि काल ठीक चालणारी गाडी आज तिसरा गिअर टाकत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी मशीन लावताना पॅन उघडत नाहीत. म्हणजे फिल्टर जुनाच, चुंबकावरचा गाळ तसाच, आणि आत काय पडलंय ते कुणी पाहिलेलंच नाही. लाखापुढच्या गाडीला हा प्रकार मी कधीही सुचवणार नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. काही जाणकार गॅरेजवाले कूलरची परतीची नळी सोडवतात आणि इंजिन चालू करून बॉक्सच्या स्वतःच्याच पंपाने जुनं ऑइल बाहेर येऊ देतात, तेवढंच नवं आत भरतात. यात वेगळा दाब नाही, केमिकल नाही. याला फ्लश म्हणत असले तरी काम सौम्य आहे, आणि आधी पॅन उघडून फिल्टर बदललेला असेल तर चांगलंही आहे. तेव्हा "फ्लश करता का" असं न विचारता "कसा करता, पॅन उघडता का" असं विचारा. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर गाडी तिथे ठेवू नका.

ऑइलला हात लावण्याआधी

गाडी एकदा पूर्ण थंड आणि एकदा पूर्ण गरम, अशी दोन्ही वेळा चालवून पाहा आणि त्रास नेमका कधी होतो ते लिहून ठेवा. थंड असताना डी किंवा आर पडायला उशीर आणि गरम झाल्यावर ठीक, तर आतली रबरी सील कडक झाली असण्याची शक्यता असते, किंवा पातळी कमी असते. उलट गरम झाल्यावरच त्रास वाढत असेल तर ऑइल पातळ पडून दाब कमी होतोय, पंप किंवा व्हॉल्व्ह बॉडी झिजलीय, असा संशय घ्या. सगळ्याच गिअरमध्ये घसरत असेल तर आधी पातळी, मग फिल्टर आणि पंप. एकाच ठरावीक गिअरला घसरत असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड.

थरथरीबद्दल विशेष सांगायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. खराब स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलमुळे इंजिन चुकतं तेव्हाही हलक्या भारावर अगदी तशीच थरथर येते. फरक ओळखायला रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे वाहन नसताना, थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला फक्त दिवा लागेल इतका स्पर्श करायचा. ब्रेकचा स्विच लागला की बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टरचा लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष लॉक-अपकडे. तशीच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल बघा. काही नव्या गाड्यांत ब्रेकला स्पर्श होताच इंजिनची ताकदच कमी केली जाते. तिथे या कसोटीवर विसंबू नका, स्कॅनरवर कन्व्हर्टरची घसरण थेट आकड्यात बघा.

स्कॅनर तर लावायलाच हवा, आणि तो गिअरबॉक्सचा कंट्रोलर वाचणारा असावा. नुसतं इंजिन वाचणारं स्वस्त यंत्र पुरत नाही. पी०७३० हा कोड आला तर बॉक्सला अपेक्षित गिअर रेशो मिळत नाहीये, म्हणजे काहीतरी घसरतंय. पी०७४१ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही. पी०२१८ म्हणजे ऑइल जास्त तापलंय. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. गॅरेजमध्ये पुष्कळदा आधी पुसतात आणि मग विचार करतात.

आता ऑइल. त्याचे दोन थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. पसरून तपकिरी-लालसर डाग राहिला तर ऑइल जुनं आहे, पण ठीक आहे. मध्ये काळा ठिपका आणि भोवती थोडंसंच पसरलं तर त्यात बरीच घाण आहे. वास घ्या: करपल्याचा उग्र वास आला तर क्लच जळलेले आहेत. रंग गुलाबीसर दुधाळ असेल तर तिथेच थांबा, ते वेगळं आणि गंभीर प्रकरण आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय. नुसत्या गडद रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नका. लाल हा फक्त घातलेला रंग असतो आणि काही ऑइलं थोड्या वापरातच काळपट होतात.

सगळ्यात खरी साक्ष पॅनची. पॅन काढला की तळाशी चुंबक दिसतील. त्यांवर मऊ, बोटाने पुसली जाणारी राखाडी पेस्ट असेल तर ती लाखभर किलोमीटरची नैसर्गिक झीज, घाबरायचं कारण नाही. बोटांना टोचणारे लोखंडी कण, पितळी चमक असलेले तुकडे, किंवा कागदासारखे काळे पापुद्रे दिसले तर बॉक्स आतून झिजलाय. पितळी रंग बुश आणि वॉशरचा असतो, काळे पापुद्रे क्लचच्या अस्तराचे. पॅन उघडताना स्वतः उभे राहा. पॅन नसलेल्या बॉक्समध्ये, उदाहरणार्थ होंडाच्या जुन्या पाच-स्पीडमध्ये, ड्रेन बोल्टलाच चुंबक असतो; तो बघायला मागा.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

पेस्टच असेल, वास ठीक असेल, गिअर घसरत नसतील, तर निर्धास्तपणे ऑइल बदला. मग रनिंग दोन लाख का असेना. थरथर असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तरीही बदला, सुधारण्याची चांगली शक्यता आहे.

पॅनमधून एका वेळी सगळं ऑइल निघत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. समजा बॉक्समध्ये एकूण साडेसात लिटर आहे आणि ड्रेन केल्यावर तीन लिटर निघतं. पहिल्या वेळी ४० टक्के ऑइल नवं होतं. तीन-पाचशे किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा केलं की ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८ टक्के. तीन टप्पे पुरतात. चौथ्याने फारसं काही हाती लागत नाही. होंडाच्या जुन्या पाच-स्पीडमध्ये आतला फिल्टर बॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे तिथे पुन्हा पुन्हा काढून भरणं हाच रूढ मार्ग. खूप जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या गाडीत मी दोन टप्प्यांमधलं अंतर हजार किलोमीटरपर्यंत वाढवायला सांगतो. बॉक्सला हळूहळू सवय होते, आणि मध्येच काही बिघडलंच तर कोणत्या टप्प्याला बिघडलं ते कळतं.

काम करताना काही गोष्टींवर हटून बसा. ड्रेन बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट उघडून बघायचा. तो गंजून अडकला असेल आणि खालून ऑइल सगळं काढून टाकलेलं असेल, तर गाडी रॅम्पवरच अडकते. निघालेलं ऑइल मापाच्या बाटल्यांत मोजायचं. वॉशर आणि गॅस्केट नवीन. पॅनचे बोल्ट हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्कच्या पान्याने, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गळती कायमची.

ऑइल मात्र गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच. टोयोटाच्या क्रिस्टाला डब्ल्यूएस लागतं, जुन्या टोयोटांना टी-फोर लागायचं, आणि ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. होंडाने झेड-वन बंद करून त्या जागी डीडब्ल्यू-वन आणलं; ते जुन्या बॉक्सलाही चालतं. ह्युंदाई आणि कियाच्या सहा-स्पीडला एसपी-फोर, जुन्या चार-स्पीडला एसपी-थ्री. गॅरेजच्या कोपऱ्यातल्या लाल ड्रममधलं, पॉवर स्टिअरिंगलाही तेच आणि गिअरबॉक्सलाही तेच, असलं ऑइल घेऊ नका. सीलबंद कॅन स्वतः विकत आणा आणि आपल्या डोळ्यांसमोर फोडा. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेलं ऑइल घ्यायचंच असेल तर डब्यावर तुमच्या गाडीचं स्पेसिफिकेशन स्पष्ट नाव घेऊन छापलेलं हवं.

निघालेलं ऑइल गटारात जाऊ देऊ नका. वापरलेलं ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी आपल्यालाच प्यायचं असतं. इंजिन ऑइल जिथे जमा होतं तिथेच ते द्या.

बदललं, तरीही झटके परत आले

पहिला संशय पातळीवर. आठ लिटर एटीएफ ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की पाव लिटरपेक्षा जास्त फुगतं. म्हणून पातळी कोणत्या तापमानाला बघायची हे प्रत्येक बॉक्सला ठरवून दिलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक नसते, बाजूला किंवा खाली ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला तो उघडायचा, आणि थेंब-थेंब गळायला लागलं की पातळी बरोबर. हाच बोल्ट गाडी हायवेवरून तापून आल्यावर उघडला तर फुगलेलं ऑइल भळभळा वाहून जातं, "जास्त होतं" असं वाटतं, आणि थंड झाल्यावर बॉक्स उपाशी राहतो. फार थंड असताना भरलं तर उलटं: गरम झाल्यावर पातळी चढते, फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि फेसातून दाब मिळत नाही. दोन्हीकडून लक्षण एकच, घसरण आणि झटके. म्हणून तापमान स्कॅनरवर बघूनच पातळी ठरवायची. इंजिनवर हात ठेवून अंदाज चालत नाही.

डिपस्टिक असलेल्या गाड्यांतही एक खाच आहे. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम करून, चालू ठेवून, पी मध्ये पातळी बघतात. होंडाच्या जुन्या पाच-स्पीडमध्ये मात्र रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत गरम करून, इंजिन बंद करून, साठ ते नव्वद सेकंदांत बघायची असते. सगळ्या गाड्यांना एकच पद्धत लावणारा मेकॅनिक इथे नकळत चुकतो.

दुसरा संशय शिकलेल्या सवयींवर. आजचे कंट्रोलर क्लचच्या झिजेनुसार दाब कमी-जास्त करायला शिकतात. जुन्या ऑइलवर शिकलेले आकडे नव्या ऑइलवर जुळत नाहीत, म्हणून पहिले काही दिवस गिअर कडक पडू शकतात. थोडे दिवस सौम्यपणे, सगळे गिअर पडतील अशी गाडी चालवून बघा. तरी जुळलं नाही तर स्कॅनरने जुने आकडे पुसून पुन्हा शिकवण्याची ठरलेली पद्धत करून घ्या. ती अर्धवट केली तर त्रास वाढतो, म्हणून ज्याला ती पूर्ण येते त्याच्याकडूनच करा.

तिसरा संशय बॉक्सच्या बाहेर. डी टाकताना एकच "धप्प" असा दणका आणि पुढे सगळं सुरळीत, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट (त्यांना धरून ठेवणारे रबरी आधार) फाटलेले असतात. हे इतक्या वेळा असतं की पाच मिनिटांची ही तपासणी सगळ्यांत आधी करायला हवी. थ्रॉटल बॉडी घाण झाली, बॅटरी कमकुवत झाली, गिअरबॉक्सची अर्थ वायर गंजली, तरी सोलेनॉइड वेळेवर काम करत नाहीत आणि दोष ऑइलला लागतो. कोकणातल्या आणि किनारपट्टीवरच्या गाड्यांत कनेक्टरमधला हिरवा गंज उघडून बघा.

चौथा संशय कूलरवर. रेडिएटरच्या पुढची जाळी चिखलाने आणि किड्यांनी भरलेली असेल, किंवा ऑइल कूलर आतून तुंबलेला असेल, तर नवं ऑइलही काही महिन्यांत करपतं. बरं वाटून परत बिघडण्याचं हे फार सामान्य कारण आहे. घाट चढताना स्कॅनरवर ऑइलचं तापमान ११०-१२० च्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल तर आधी कूलरचं काम करा.

दुधाळ ऑइल, पुराची गाडी

ऑइल गुलाबीसर दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. रेडिएटरच्या आत बसवलेला ऑइल कूलर फुटला की दोन्ही द्रव मिसळतात. मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली, चिपळूण या भागांतल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत पाणी ब्रीदरच्या (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्राच्या) वाटेनेही शिरतं, आणि अशा गाड्या पुसून-पॉलिश करून जुन्या गाड्यांच्या बाजारात येतात. क्लच प्लेटचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं, चिकटवलेलं असतं. पाणी ते चिकटवण सोडवतं. म्हणून अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, उचलून न्या. कूलर आधी बदलायचा, मग सगळं ऑइल जितक्या पूर्णपणे निघेल तितकं काढायचं. थोडं-थोडं बदलण्याचा सल्ला इथे लागू होत नाही. लगेच लक्षात आलं असेल तर बॉक्स वाचू शकतो. तशीच काही दिवस चालवली असेल तर उघडावाच लागेल.

आणि आधीच घसरत असेल तर

करपलेला वास, पॅनमध्ये काळे पापुद्रे, पी०७३० सारखा कोड, घाटात आरपीएम चढूनही गाडी पुढे न सरकणं: हे सगळं एकत्र दिसलं तर फ्लशवर पैसे घालू नका. पातळी बरोबर करून घ्या. स्कॅनरवरच्या आकड्यांवरून दोष एखाद्या सोलेनॉइडचा किंवा व्हॉल्व्ह बॉडीचा निघाला, तर तेवढंच काम करून भागतं. क्लचच गेले असतील तर ओव्हरहॉल. त्याचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं, म्हणून गाडीची आजची किंमत आधी काढा आणि फक्त ऑटोमॅटिक बॉक्सचंच काम करणाऱ्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी लेखी अंदाज घ्या. अंदाजात टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरचा उल्लेख आहे का ते नक्की बघा. जुन्या क्लचचा गाळ या दोन्हींत साठलेला असतो. ते न साफ करता, न बदलता नवा बॉक्स बसवला तर तोच गाळ नव्या क्लचवर येतो आणि काही हजार किलोमीटरांत तुम्ही परत त्याच गॅरेजच्या दारात उभे असता.